बरोसा खोऱ्यातील जुन्या द्राक्षवेली व एकबागी तांबडी वाइन

बरोसा हे ऑस्ट्रेलियातील दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यातील द्राक्षे व वाइन यांसाठी प्रसिद्ध असलेले खोरे होय. ते अ‍ॅडिलेड शहराच्या ईशान्येस सु. ६० किमी. अंतरावर असून त्याच्या पूर्वेकडील उंच भागास ईडन खोरे म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लावलेल्या व कलम न करता स्वतःच्याच मुळांवर वाढलेल्या वेली आजही नियमितपणे फळ देत आहेत, अशी जी थोडी स्थळे जगात उरली आहेत त्यांत बरोसाचे स्थान अग्रभागी आहे. शिराझ, ग्रनाश, मातारो व काबर्ने सोव्हिन्यों या येथील प्रमुख काळ्या जाती. यांपैकी काही बागांची द्राक्षे अन्य कोणत्याही बागेच्या द्राक्षांत न मिसळता वेगळी आंबवून, त्या बागेच्याच नावाने तांबडी वाइन विकली जाते. प्रस्तुत नोंदीत तिला ‘एकबागी वाइन’ म्हटले आहे.

या वेली टिकल्या त्याचे श्रेय सामान्यतः येथील माती व हवामान यांना दिले जाते. ते पूर्णतः खरे नाही. तितकीच अनुकूल माती व हवा असलेल्या इतर प्रदेशांतील जुन्या बागा नाहीशा झाल्या आहेत. बरोसातील वेलींचे रक्षण एका कडक कायद्याने केले, बागाईतदार घराण्यांच्या शेतीपद्धतीने केले आणि फार उशिरा, बाजारभाव ठरविण्याच्या बदललेल्या रीतीने केले. मध्यंतरी त्याच वेली उपटण्यासाठी शासनाने पैसेही दिले होते.

वसाहतीचा इतिहास : हा भूभाग मूळचा पेरमांक, नगाजुरी व कॉर्ना या आदिवासी जमातींचा. दक्षिण ऑस्ट्रेलिया ही ब्रिटिश वसाहत १८३६ मध्ये स्थापन झाली. इतर काही वसाहतींप्रमाणे ती कैद्यांची वसाहत नव्हती. तिचा मोजणी अधिकारी कर्नल विल्यम लाइट (१७८६–१८३९) याने १८३७ मध्ये येथील डोंगररांगेस, स्पेनमधील बारोसा येथे १८११ साली इंग्रजांनी फ्रेंचांवर मिळविलेल्या विजयाच्या स्मरणार्थ, ते नाव दिले. नोंदताना त्याच्या वर्णलेखनात चूक झाली आणि ती चूकच रूढ झाली.

लंडनमधील व्यापारी व साउथ ऑस्ट्रेलियन कंपनीचा संस्थापक जॉर्ज फाइफ अँगस (१७८९–१८७९) यास वसाहतीसाठी कष्टाळू शेतकरी हवे होते. प्रशियात त्या सुमारास राजा तिसरा फ्रीड्रिख व्हिल्हेल्म याने ल्यूथरपंथी व कॅल्व्हिनपंथी चर्चे एकत्र आणून एकच उपासनाविधी सक्तीचा केला होता. तो न मानणाऱ्या जुन्या ल्यूथरपंथीयांचा छळ होत होता. त्यांचा धर्मोपदेशक आउगुस्ट काव्हेल (१७९८–१८६०) याने अँगसची भेट घेतली व अँगसने प्रवासखर्चासाठी कर्ज दिले. पहिली तुकडी १८३८ मध्ये अ‍ॅडिलेडला उतरली. अँगसच्या वतीने चार्ल्स फ्लॅक्समन याने बरोसात सु. २८,००० एकर जमीन घेतली होती. यांपैकी काही जमीन या निर्वासितांना खंडाने व पुढे विकत देण्यात आली. १८४२ मध्ये बेथनी व १८४३ मध्ये लांगमाइल ही गावे वसली. योहानेस मेंगे या जर्मन खनिजतज्ञाने हा प्रदेश द्राक्षे व फळबागा यांस उत्तम असल्याचे अँगसला आधीच कळविले होते.

बेथनीची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. सायलीशियातील खेड्यांप्रमाणे एका रस्त्याच्या कडेने घरे आणि प्रत्येक घरामागे ओढ्यापर्यंत गेलेली जमिनीची लांब, अरुंद पट्टी. या पट्टीत गहू, भाजीपाला, फळझाडे, डुकरे, गाई आणि द्राक्षवेलींच्या काही ओळी असे सर्व काही असे. द्राक्षे हे एकमेव नगदी पीक नव्हते. घरच्या वाइनपुरती आणि थोडी विक्रीस, एवढाच त्यांचा हिशेब होता. पुढे अनेक घराण्यांच्या जमिनी वाढल्या, तरी मिश्रशेतीची सवय राहिली. द्राक्षांचा भाव पडला म्हणजे घर बुडत नसे आणि म्हणून वेली काढण्याची घाईही होत नसे. मोठ्या भांडवलावर केवळ द्राक्षेच लावणाऱ्या मळेवाल्यास ही मोकळीक नव्हती.

वेलींच्या काड्या प्रामुख्याने न्यू साउथ वेल्समधून आल्या. जेम्स बझ्बी याने १८३१-३२ मध्ये स्पेन व फ्रान्समध्ये हिंडून शेकडो जातींच्या काड्या जमवून सिडनीस पाठविल्या होत्या. त्यांतील ऱ्होन नदीकाठची सिरा ही जात ऑस्ट्रेलियात शिराझ या नावाने रुजली. इराणमधील शिराझ शहरातून ती आल्याची समजूत लोकप्रिय असली, तरी निराधार आहे. ती आग्नेय फ्रान्समधील दोन जातींच्या संकरातून उपजल्याचे जनुकीय परीक्षणाने सिद्ध झाले आहे.

खोऱ्यातील व्यापारी वाइननिर्मितीचा पाया याच काळात घातला गेला. योहान ग्रँप या जर्मनाने जेकब्ज क्रीक येथे १८४७ मध्ये बाग लावली, सॅम्युएल स्मिथ या इंग्रजाने १८४९ मध्ये यालुंबा ही संस्था स्थापन केली आणि योझेफ सेपेल्ट १८५१ मध्ये येथे आला. यालुंबा आजही संस्थापकाच्या वंशजांकडे आहे.

आजही उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या वेली या पहिल्या दहा-वीस वर्षांतील आहेत. लांगमाइल येथे ख्रिस्टियान आउरिख्ट या लोहाराने लावलेल्या शिराझच्या वेली १८४३ मधील मानल्या जातात. टर्की फ्लॅट येथील शिराझ १८४७ मधील व रोलँड फ्लॅट येथील कोख घराण्याच्या बागेतील मातारो १८५३ मधील असून तिची गणना त्या जातीच्या जगातील सर्वांत जुन्या वेलींत होते. ही साले घराण्यांच्या आठवणी, जमिनीचे दस्तऐवज व चर्चच्या नोंदी यांच्या मेळातून ठरविलेली आहेत. वेलीचे खोड जून झाले की आतून पोकळ होते, त्यामुळे झाडाप्रमाणे वलये मोजून वय काढता येत नाही. म्हणून एखाद्या सालाविषयी चार-दोन वर्षांचा मतभेद असला, तर त्यात नवल नाही.

फायलॉक्सेरा व संसर्गबंदी : वेलीच्या मुळांतील रस शोषणारा फायलॉक्सेरा हा सूक्ष्म कीटक अमेरिकेतून यूरोपात गेला आणि १८६० नंतरच्या तीन-चार दशकांत त्याने फ्रान्समधील बहुतेक द्राक्षबागा नष्ट केल्या. अमेरिकन जातीच्या खुंटावर यूरोपीय जातीचे कलम करणे हा त्यावरील उपाय ठरला. याचा अर्थ असा, की यूरोपातील आजच्या बहुतेक बागा या संकटानंतर पुन्हा लावलेल्या आणि परक्या मुळांवर उभ्या असलेल्या आहेत. ऑस्ट्रेलियात हा कीटक १८७७ मध्ये व्हिक्टोरियातील जीलाँगजवळ आढळला. तेथील बागा शासनाच्या आज्ञेने उपटून जाळण्यात आल्या, तरी कीड व्हिक्टोरियाच्या इतर भागांत पसरली.

दक्षिण ऑस्ट्रेलियाने मात्र बाहेरून वेली व काड्या आणण्यास कडक बंदी घातली आणि १८९९ च्या कायद्याने बागाईतदारांच्या वर्गणीवर चालणारे स्वतंत्र मंडळ नेमले. राज्यात हा कीटक आजवर शिरलेला नाही. राज्याच्या सीमेवरील रस्त्यांलगतचे सूचनाफलक, यंत्रे व बूट निर्जंतुक करण्याचे नियम आणि बागेत परक्यास मुक्त प्रवेश न देण्याची पद्धत हे सर्व त्या कायद्याच्याच परंपरेतील. बरोसातील जुन्या बागांपुढे पाहुण्यास कुंपणाबाहेरच थांबविले जाते, ते तुसडेपणाने नव्हे.

जुन्या वेलींचे स्वरूप : या बागा बहुधा कोरडवाहू आहेत. खोऱ्यात वर्षाकाठी सु. ५०० मिमी. पाऊस पडतो व तोही मुख्यतः हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा असतो. मुळे खोल गेलेली वेल या पाण्यावर तग धरते. छाटणी वर्षातून एकदा, वेल हिवाळ्यात निद्रिस्त असताना करतात. महाराष्ट्रात वेलीला अशी विश्रांती नसल्यामुळे एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. दोन्ही ठिकाणच्या वेलींच्या आयुर्मानाची तुलना करताना हा भेद विसरून चालत नाही. ग्रनाशच्या जुन्या वेलींना तारांचा आधारही नसतो. त्या गुडघाभर उंचीच्या, मांडीएवढ्या जाड खोडावर झुडपाप्रमाणे वाढतात.

वय वाढले की वेलीला घड कमी येतात. फळ एकसारखे पिकते व रस दाट असतो, असा बागाईतदारांचा अनुभव आहे. त्यावरून जुनी वेल म्हणजे उत्तम वाइन असे सरसकट समीकरण मांडले जाते, ते मात्र जपून स्वीकारावे. ज्या बागा मुळातच निकृष्ट जागी होत्या त्या बहुधा केव्हाच उपटल्या गेल्या. शंभर वर्षे टिकल्या त्या निवडून टिकल्या. तेव्हा गुण वयाचा किती व जागेचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

घड कमी येतात हीच बाब या वेलींच्या जिवावर उठली. बागाईतदार आपली द्राक्षे मोठ्या कंपन्यांना टनावर विकत असे. जुन्या बागेचे एकरी उत्पन्न तरुण बागेच्या निम्मे आणि टनाचा भाव तोच, असे असता जुनी बाग राखणे म्हणजे निम्म्या मिळकतीवर समाधान मानणे होय.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध : पहिल्या महायुद्धात येथील जर्मनवंशीयांकडे संशयाने पाहिले गेले. १९१७ मध्ये ल्यूथरपंथीय शाळा बंद करण्यात आल्या व त्याच वर्षीच्या कायद्याने राज्यातील ६९ जर्मन स्थलनामे बदलण्यात आली, उदा., ग्नाडेनफ्राय या गावाचे मरनँगा झाले. घराणी मात्र जमिनीवर राहिली आणि वेलीही. त्यानंतर १९२४ मध्ये ऑस्ट्रेलियन शासनाने निर्यातीस अनुदान दिले व १९२५ मध्ये ब्रिटनने साम्राज्यांतर्गत मालास जकातीत सवलत दिली. दोहोंचा लाभ मुख्यत्वे ब्रँडी मिसळून तीव्र केलेल्या गोड वाइनला झाला. अशा वाइनसाठी जास्त साखरेची, भरपूर पिकलेली द्राक्षे लागत. ती कोणत्या बागेतील हे कोणी विचारीत नसे. ग्रनाश व मातारो यांच्या जुन्या वेली या काळात टिकल्या त्या या मागणीमुळे, पण त्यांचे नाव कोठेच उरले नाही. शेकडो घराण्यांचा माल एकाच हौदात पडत होता.

एकबागी वाइनचा उदय : हे चित्र पालटण्यास ईडन खोऱ्यातील हेन्श्के घराण्याने आरंभ केला. योहान ख्रिस्टियान हेन्श्के हा १८४१ मध्ये प्रशियातून आला. त्याने काइनटन येथे जमीन घेतली व १८६८ मध्ये आपली पहिली विक्रीयोग्य वाइन केली. चौथ्या पिढीतील सिरिल हेन्श्के (१९२४–७९) याने तीव्र वाइनचा किफायतशीर व्यवसाय हळूहळू सोडून, जेवणासोबत घ्यावयाची साधी कोरडी वाइन करण्याचे ठरविले. १९५२ मध्ये त्याने ‘माउंट एडलस्टोन’ ही शिराझ वाइन त्या एका बागेच्या नावाने काढली. ही बाग १९१२ मध्ये रॉनल्ड अँगस याने, म्हणजे ज्या अँगसच्या कर्जावर जर्मन निर्वासित येथे आले त्याच्याच वंशजाने, लावलेली होती. सिरिलने द्राक्षे प्रथम विकत घेतली व १९७४ मध्ये बागही घेतली.

त्याची दुसरी एकबागी वाइन अधिक कीर्ती पावली. ग्नाडेनबेर्क येथील १८६० च्या ल्यूथरपंथीय चर्चसमोरील बागेत निकोलाउस स्टानिट्स्की याने त्याच सुमारास शिराझ लावली होती. ही बाग पुढे हेन्श्के घराण्याकडे आली. चर्चच्या जर्मन नावाचा अर्थ ‘कृपेची टेकडी’. त्याचे इंग्रजी रूप ‘हिल ऑफ ग्रेस’ हे सिरिलने १९५८ च्या वाइनला दिले. बागेतील शिराझचे क्षेत्र सु. ४ हेक्टर असून, सर्वांत जुन्या वेलींच्या तुकड्यास घराण्यात ‘आजोबा’ म्हणतात. एकबागी वाइनमध्ये उणीव झाकण्यास दुसरीकडचा माल वापरता येत नाही. २००० व २०११ या सालांचा माल पुरेसा चांगला न वाटल्याने त्या वर्षांची वाइन या नावाने विकली गेलीच नाही. पाचव्या पिढीतील स्टीव्हन व प्रू हेन्श्के यांनी १९८० नंतरच्या दशकात जुन्या वेलींतील निरोगी व चांगले फळ देणाऱ्या वेली हेरून त्यांच्या काड्यांपासून रोपे तयार करण्याचे काम हाती घेतले. वेल मेली तरी तिचे वाण त्याच मातीत राहावे, हा त्यामागील हेतू.

याच दशकात ऑस्ट्रेलियात अगदी उलट विचारही बळावला होता. मॅक्स शूबर्ट (१९१५–९४) याने १९५१ पासून ‘ग्रेंज’ ही वाइन अनेक बागांची शिराझ मिसळून केली. वर्षानुवर्षे एकसारखा दर्जा राखणे हे तिचे ध्येय होते व ते साधलेही. ग्रेंजची थोरवी निर्विवाद आहे. परंतु तिच्या यशाने जुन्या बागेच्या मालकाचे नाव पुढे आले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

अरिष्टाचा काळ : १९७० नंतर ऑस्ट्रेलियात पांढऱ्या वाइनची मागणी वेगाने वाढली व तांबडी वाइन पडून राहू लागली. कंपन्यांनी शिराझ व ग्रनाश घेणे कमी केले. यांतील बरेच व्यवहार तोंडी असत. पिढ्यान्‌पिढ्या एकाच वजनकाट्यावर माल घालणाऱ्या घराण्यांस लेखी कराराची गरज वाटली नव्हती. ल्यूथरपंथी पाळकाचा मुलगा असलेला पीटर लेहमान (१९३०–२०१३) हा तेव्हा एका मोठ्या कंपनीत वाइननिर्मितीचा प्रमुख होता. शेतकऱ्यांची द्राक्षे घेऊ नयेत असा आदेश आल्यावर त्याने आपला शब्द मोडण्यास नकार दिला आणि वेगळी व्यवस्था करून माल उचलला. १९७९ मध्ये त्याने स्वतंत्र कंपनी काढली. वाइन विकली गेल्यावर पैसे मिळतील, या बोलीवर शेतकऱ्यांनी त्यास द्राक्षे दिली. ही जोखीम दोन्ही बाजूंची होती. कंपनीस डेमन रन्यन याच्या कथाविश्वातील एका जुगाऱ्याचे नाव दिले होते, ते उगाच नव्हे. १९८२ मध्ये तिला लेहमानचेच नाव मिळाले.

एका माणसाच्या शब्दाने सारे खोरे वाचणे शक्य नव्हते. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास केंद्र व राज्य शासनांनी अतिरिक्त उत्पादन कमी करण्यासाठी द्राक्षवेली उपटणाऱ्यांस हेक्टरी अनुदान देण्याची योजना आखली. आकडेवारीच्या दृष्टीने ती तर्कशुद्ध होती. परंतु तिच्यात वेलीच्या वयाला काहीच स्थान नव्हते, आणि ज्या बागांचे उत्पन्न सर्वांत कमी त्यांच्या मालकांनाच ती सर्वांत मोहक वाटणे साहजिक होते. अनेक बागाईतदार वृद्ध झाले होते, मुले अ‍ॅडिलेडमध्ये नोकरीस लागली होती. फायलॉक्सेरापासून एका कायद्याने राखलेल्या शंभर वर्षांच्या वेली दुसऱ्या शासकीय योजनेने साखळदंड लावून ओढल्या गेल्या व जाळल्या गेल्या. काहींनी अनुदान नाकारले. त्यामागे दूरदृष्टी होती असे आज म्हटले जाते. बहुतेकांच्या बाबतीत ती आजोबांनी लावलेली बाग उपटण्याची अनिच्छाच असावी.

पुनरुज्जीवन : याच अरिष्टात काही लहान उत्पादकांनी जुन्या वेलींचा माल मुद्दाम शोधून, प्रचलित दरापेक्षा अधिक भाव देऊन घेण्यास सुरुवात केली. सेंट हॅलेट या संस्थेने १९८० च्या हंगामापासून ‘ओल्ड ब्लॉक’ ही शिराझ काढली; रॉबर्ट ओकॅलहन यांची रॉकफर्ड व चार्ल्स मेल्टन यांची संस्था या दोन्ही १९८४ मधील. रॉकफर्डने मोडीत निघालेली जुनी लाकडी दाबयंत्रे पुन्हा वापरात आणली. मेल्टन यांनी १९८८ मध्ये ग्रनाशला शिराझ व मातारोची जोड देऊन केलेल्या वाइनमुळे, केवळ गोड वाइनच्या लायकीची समजली गेलेली ग्रनाश ही जात प्रतिष्ठित झाली. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या टॉरब्रेकचा आरंभ दुर्लक्षित जुन्या बागा बटाईने कसण्यातून झाला. त्या दशकात अमेरिकन समीक्षकांच्या प्रशंसेमुळे निर्यात वाढली. जी घराणी पाच पिढ्या फक्त द्राक्षे विकत होती, त्यांतील काहींनी स्वतःची वाइन बाटलीबंद करण्यास प्रारंभ केला. टर्की फ्लॅटच्या शुल्झ घराण्याने १९९० मध्ये असेच पाऊल उचलले.

या साऱ्यात निर्णायक ठरली ती भावाची रीत. बाटलीवर बागेचे नाव आले, तेव्हा द्राक्षांचे मोल वजनाऐवजी उगमावर ठरू लागले आणि कमी उत्पन्न हा दोष न राहता दुर्मीळतेचा पुरावा झाला. काही उत्पादक अशा बागांचा मोबदला टनाऐवजी क्षेत्रावर देतात. तथापि एकबागी वाइनचा हा लाभ मूठभर बागांपुरता आहे. बहुसंख्य जुन्या वेलींची द्राक्षे आजही मिश्रणातच जातात, आणि ‘जुन्या वेली’ हे शब्द बाटलीवर छापण्यास वयाची कायदेशीर अट नसल्यामुळे त्यांचा सैल वापरही होत असे.

तो आवरण्यासाठी यालुंबाने २००७ मध्ये स्वतःपुरती केलेली वर्गवारी थोड्या फरकाने खोऱ्यातील बागाईतदारांच्या संघटनेने २००९ मध्ये ‘जुन्या वेलींची सनद’ म्हणून स्वीकारली. तीनुसार ३५ वर्षांवरील वेलीस ‘जुनी’, ७० वर्षांवरील वेलीस ‘तगलेली’, १०० वर्षांवरील वेलीस ‘शतायू’ व १२५ वर्षांवरील वेलीस ‘पूर्वज’ म्हणतात. खोऱ्यातील शेतजमिनीवर अ‍ॅडिलेडची उपनगरे पसरू नयेत म्हणून राज्य विधिमंडळाने २०१२ मध्ये वेगळा कायदा केला. त्याने जमिनीची तुकडेविक्री रोखली. वेली राखण्याचे बंधन मात्र त्यात नाही. सनदही ऐच्छिक आहे. तिच्यात नोंदलेली बाग मालकाने उद्या उपटली, तर त्यास कोणी अडवू शकत नाही.

अशी वेळ पुन्हा येऊ शकते, हे अलीकडे दिसून आले. चीनने नोव्हेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियन वाइनवर तात्पुरते जादा शुल्क लावले व मार्च २०२१ मध्ये ते ११६ ते २१८ टक्के या दरांनी पाच वर्षांसाठी कायम केले. सर्वांत मोठी बाजारपेठ बंद होताच तांबड्या वाइनचे साठे पुन्हा तुंबले व द्राक्षांचे भाव कोसळले. मार्च २०२४ मध्ये शुल्क उठले, तरी वेली काढण्याची चर्चा देशातील अनेक द्राक्षप्रदेशांत सुरू झालीच होती. नामांकित एकबागी वाइन देणाऱ्या बागांना तिची झळ पोहोचली नाही. ज्यांचा माल टनावर विकला जातो अशा निनावी बागांचे मालक मात्र १९८० नंतरच्या दशकातील आपल्या वडिलांपुढचाच हिशेब पुन्हा मांडीत होते.